बाबांच्या देशात, बाबांशिवाय

*ताई, माझं वय ३१. आई मराठी, बाबा दुसऱ्या देशातले. शिकायला म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले, त्याला आता ३६ वर्षं झाली. देशाचं नाव कृपया छापू नका, तिकडची भावंडं कोणाकडून तरी वाचून घेतील. मी तिथे दोनदाच गेलेय, चार वर्षांची असताना आणि नंतर अकराव्या वर्षी. आजी आता ८८ वर्षांची आहे आणि फोनवर दर वेळी एकच विचारते, कधी येतेस. म्हणून येत्या सुट्टीत तीन आठवडे जायचं ठरवलंय, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन. नवऱ्याला एवढी रजा नाही, तो शेवटच्या आठवड्यात येईल. बाबा मात्र येत नाहीत. आजोबा गेले तेव्हा ते वेळेवर पोचू शकले नव्हते. तेव्हापासून मोठ्या काकांशी त्यांचं बोलणं जवळपास बंद आहे. ‘तू जाऊन ये,’ एवढंच म्हणतात.*

*मला त्यांची भाषा निम्मी समजते, बोलते ती लहान मुलासारखी. नातेवाईक चाळीसेक, त्यातल्या चार-पाच जणांचीच नावं मला माहीत. काकांच्या घरी उतरायचं की हॉटेलात? भेटवस्तू काय न्यायच्या, किती न्यायच्या? मागच्या फोनवर काका म्हणाले, आलीस की घराच्या काही कागदांवर सह्याही करून टाक. आणि सगळ्यांत मोठी भीती ही, की बाबांवरचा राग माझ्यावर निघाला तर? खरं सांगू, मी तिथे कोण म्हणून जातेय हेच मला कळेनासं झालंय.*

*— अधांतरी*

प्रिय अधांतरी,

देशाचं नाव छापत नाही, काळजी करू नकोस. छापलं असतं तरी फार फरक पडला नसता म्हणा. कुठलाही देश घातला तरी तुझ्या पत्रातलं एकही वाक्य बदलावं लागणार नाही. काका रुसलेले, आजी वाट बघतेय, बाबा गप्प.

माझी आईही परदेशातली. तिच्या माहेरी मी पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. निघताना तिने स्वतःच्या हाताने यादी करून दिली: कोणाला काय द्यायचं, आधी कोणाकडे जायचं, कोणासमोर कोणाचं नाव काढायचं नाही. वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. तिसऱ्या दिवशी सहाव्या नावाची पिशवी हातात घेऊन मी मामेबहिणीला विचारलं, या मावशींकडे कधी जायचं? ती माझ्या हातातल्या पिशवीकडे नुसती बघत राहिली. त्या मावशीला जाऊन चार वर्षं झाली होती. लांब आहे, एकटी आहे, ऐकून तरी काय करणार, म्हणून आईला कोणी कळवलंच नव्हतं. दर फोनवर ‘बरी आहे, झोपलीय’ असं सांगत आले होते. ती पिशवी मी तशीच परत आणली, आणि आईला सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं.

तेव्हा बाबांनी तुला आजवर जे सांगितलंय आणि निघेपर्यंत जे सांगतील, ते सगळं ३६ वर्षांपूर्वीचं आहे असं धरून चाल. त्यांच्या लेखी धाकटा भाऊ अजून शाळेत जातो, तिकडे त्याचे केस पांढरे झालेत. कोणाचं कोणाशी पटत नाही हेही त्यांचं जुनंच असणार. ती भांडणं मिटली असतील, नवी सुरू झाली असतील. यात बाबांची चूक काही नाही. फक्त त्यांच्या यादीवर विसंबून जाऊ नकोस. नवी यादी तुला करायचीय. कोण म्हणून जातेस, असं विचारतेस ना? यादी करायला आलेली पाहुणी म्हणून जा. पाहुणीला सगळं विचारायची मुभा असते, चुकायचीही असते. घरची मुलगी म्हणून गेलीस तर दोन्ही जाते.

ही यादी कशी करायची ते सांगते, कारण तुझ्या भाषेच्या भीतीचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

१८९८ साली डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचा एक इंग्रज डॉक्टर केंब्रिजच्या मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला. गेला होता तिथल्या लोकांची नजर वगैरे तपासायला. पण एखादी गोष्ट घराण्यात चालत आलीय का हे बघायचं, तर आधी कोण कोणाचं हे कळायला हवं. म्हणून तो वंशावळी लिहून घ्यायला लागला. तिथली भाषा त्याला येत नव्हती, आणि नात्यांचे शब्द तर एका भाषेतून दुसरीत गेले की हमखास घोटाळा करतात. मग त्याने ठरवलं की पाचच शब्द वापरायचे: वडील, आई, मूल, नवरा, बायको. तुला जन्म दिला ती आई कोण, तिला मुलं किती, त्यांत मोठं कोण, त्याची बायको कोण, त्यांची मुलं कोण. एवढ्या भांडवलावर त्याने तिथल्या जवळजवळ सगळ्या कुटुंबांच्या वंशावळी उभ्या केल्या. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत अजून शिकवतात.

हे पाच शब्द तुला नक्की येतात. ते येत असले की चाळीस काय, चारशे नातेवाईक मांडता येतील. एक मोठा कागद घे, आजीच्या शेजारी बस, मधोमध तिचं नाव लिही आणि विचारायला लाग. काका, आत्या अशा नात्यांच्या मागे सुरुवातीला लागू नकोस. आपण आत्या, मावशी, काकू, मामी असे चार वेगळे शब्द वापरतो, पण पुष्कळ भाषांत या चौघींना मिळून एकच शब्द आहे. उलट आपला एकटा ‘काका’ काही भाषांत वडिलांपेक्षा मोठा की धाकटा यावरून दोन होतो. आधी रेघा काढ. मग समोरच्या माणसाच्या नावावर बोट ठेवून विचार, ‘यांना मी काय म्हणू?’ हा प्रश्न दिसतो साधा, पण त्यावरून खोलीतले चार जण आपसांत वाद घालायला लागतील, पाचवा आतून ओरडून चूक सुधारेल, आणि तोपर्यंत दारात उभी असलेली पोरं कागदावर वाकलेली असतील. तुला बोलावं लागणारच नाही. तू लिहीत राहायचं. गेलेल्या माणसांचीही नावं घे. एखाद्या नावापाशी सगळे एकदम गप्प झाले, तर पेन मुकाट्याने पुढच्या नावावर ने. त्या गप्प बसण्याचा अर्थ दोन दिवसांनी कोणीतरी स्वतःहून येऊन सांगतं, बहुधा भांडी विसळताना.

घरात जुने फोटो असतीलच. आजीला एकेकाचं नाव विचार आणि तिची हरकत नसेल तर फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने लिही. बॉलपेन वापरू नकोस, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही कालांतराने उतरते. जाताना बाबांच्या इकडच्या फोटोंच्या छापील प्रती ने. मोबाइलवर दाखवू म्हणशील, तर ८८ वर्षांच्या माणसाला त्या काचेवर धड काही दिसत नाही, आणि बोट लागलं की फोटो पळतो. छापील फोटो ती रात्री उशाशी ठेवू शकते.

आता भाषा. लहान मुलासारखी बोलतेस यात नवल काही नाही, लहानपणीच थांबली ना ती. घरात एकाच माणसाकडून शिकलेल्या भाषेचं असंच होतं. समजतं पुष्कळ, तोंडातून येतं थोडं. त्याची लाज सोड. एका खड्ड्याची मात्र सूचना देते, त्यात मी स्वतः पडलेय. बाबा तुझ्याशी आयुष्यभर एकेरीत बोलले. ‘ये’, ‘बस’, ‘खा’ हेच तुझ्या कानावर पडलं. ‘या’, ‘बसा’, ‘घ्या ना’ कानावर पडायला घरात त्या भाषेतलं वडीलधारं माणूसच नव्हतं. मी आईच्या सगळ्यांत थोरल्या मामांना, भरल्या घरात, मोठ्या प्रेमाने, ‘ए, इकडे येऊन बस की’ या थाटाचं वाक्य ऐकवलं होतं. ते आले आणि बसलेही. बाकीच्यांनी मात्र माना खाली घातल्या. त्या भाषेत मान देण्याची वेगळी रूपं असतील तर तेवढी दहा वाक्यं वेगळी पाठ कर, आणि नसतील तरी मोठ्यांशी बोलायची ढब असतेच, ती विचारून घे. शिकायची ती तुझ्या वयाच्या चुलत बहिणीकडून, फोनवर. बाबांकडून नको. त्यांचे शब्दही ३६ वर्षांपूर्वीचे आहेत, तिकडची तरुण मुलं ऐकून फिदीफिदी हसतील. हसली तर हसू दे, आजीला ते शब्द ओळखीचे वाटतील.

राहायचं कुठे? आजी ज्या घरात राहते तिथेच उतर. पण तीन आठवडे सलग राहू नकोस. मध्ये तीन-चार दिवस मुलाला घेऊन दुसरीकडे कुठेतरी जा, आणि नवरा आल्यावर हवं तर हॉटेल बघा. मात्र हे सगळं निघण्याआधी फोनवर सांगून टाक, तारखांसकट. आधी सांगितलं की तो तुमचा कार्यक्रम असतो. तिथे जाऊन दहाव्या दिवशी ठरवलंस तर काकूने काय कमी केलं, याची चौकशी समिती बसेल. कारण द्यायचंच असेल तर मुलाच्या झोपेचं दे. त्याला जगात कोणी हरकत घेत नाही.

झोपेवरून आठवलं. घड्याळात किती तासांचा फरक आहे ते तू लिहिलं नाहीस. ढोबळ हिशेब असा, की जितक्या तासांचा फरक तितके दिवस शरीराला रुळायला लागतात. पूर्वेकडे उडणं जास्त जड जातं, कारण शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित मोठं असतं. दिवस लांबवणं त्याला जमतं, आखडणं जमत नाही. म्हणून चाळीस माणसांचं ते मोठं एकत्र जेवण पहिल्या दोन दिवसांत ठेवू देऊ नकोस. ते लोक प्रेमापोटी नेमकं त्याच संध्याकाळी ठेवतात. तू पेंगत असशील, मुलगा रडत असेल, आणि ‘परदेशातली पोर तोंड पाडून बसली होती’ ही गोष्ट पुढची दहा वर्षं चालेल.

भेटवस्तूंवर फार वेळ घालवू नकोस. माणशी न नेता घराप्रमाणे ने. किती घरं आहेत ते चुलत बहिणीला विचार, वर चार-पाच जास्तीच्या ठेव, त्यांच्यावर नाव घालू नकोस. वजनाला हलक्या, मोडणार नाहीत अशा. आजीची वेगळी. पैशांची मागणी आली तर, आणि ती येतेच, ‘नवऱ्याशी बोलून सांगते’ म्हण. बिचाऱ्याला तिकडे कोणी ओळखत नाही, वाईटपणा त्याला परवडतो.

मुलाचं त्याहून सोपं आहे. त्याला भाषेची गरज तासाभरापुरती वाटेल, मग पोरांत मिसळून जाईल. फक्त गालगुच्चे घेणारी, उचलून घेणारी, पापे घेणारी माणसं भेटणार आहेत, हे त्याला आधी सांग. नको असेल तर काय करायचं, हात हलवायचा की तुझ्या मागे लपायचं, तेही दोघांनी मिळून ठरवा. ‘याला आपली भाषा शिकवली नाही?’ असं कोणी विचारलं तर तो बाण तुला नाही, बाबांना आहे. तुझ्या अंगावरून पुढे जाऊ दे.

कागदांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. तिथे असताना कशावरही सही करायची नाही. ज्या भाषेत तू बोलतेस लहान मुलासारखी, त्या भाषेतला घराचा कागद तू वाचणार कशी? शिवाय, बाबा हयात असताना आजोबांच्या घरात हिस्सा असलाच तर तो त्यांचा. तुझी सही सहसा लागायलाच नको. लागते म्हणत असतील तर का लागते, हा पहिला प्रश्न. काकांच्या मनात काही काळंबेरं असेल असं मी म्हणत नाही. कदाचित भावाशी बोलणं बंद असल्यामुळे एखादं काम खरोखर अडलं असेल आणि तू त्यांना वाट वाटत असशील. कागदाचे फोटो काढ, ‘मला वाचता येत नाही, वकिलाला दाखवून कळवते’ म्हण, आणि फोटो बाबांना पाठव. बाबांच्या वतीने होकार देऊ नकोस, नकारही देऊ नकोस. मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, हा शब्द त्यांच्या भाषेत कसा म्हणतात तो तेवढा जाण्याआधी शिकून घे, म्हणजे कागदावर दिसला तर ओळखशील. त्याच माळेतली आणखी एक गोष्ट: मुलाचं नाव तिकडच्या कुटुंबनोंदणीत घालून टाकू, असं कौतुकाने कोणी म्हणालं, तर तेही जागच्या जागी मान्य करू नकोस. काही देशांत अशा नोंदीतून नागरिकत्व येतं आणि मुलगा मोठा झाल्यावर सक्तीची लष्करी सेवा त्यामागून येते.

आता राग.

निघेल. थोडा तरी निघेलच. आजोबा गेल्यापासून काकांना जे बोलायचंय ते ऐकायला समोर कोणी मिळालेलं नाही, आणि तू दारात उभी राहिलीस की तुझ्या चालण्यात, हसण्यात त्यांना भाऊच दिसणार आहे. तुझ्या पत्रात एक शब्द आहे, मी तिथे दोनदा थांबले. तू लिहिलंयस, बाबा वेळेवर ‘पोचू शकले नव्हते’. काका बहुतेक म्हणत असतील, ‘आला नाही’. या दोन वाक्यांच्या मधे काय घडलं ते तुला माहीत आहे का? बातमी उशिरा कळली, व्हिसा अडला, तिकीट मिळालं नाही, पैसे नव्हते, की आणखी काही? मला वाटतं, नसावं माहीत. अशा घरांतून हे प्रश्न विचारले जात नाहीत. निघण्याआधी बाबांना सरळ विचार, त्या आठवड्यात नेमकं काय झालं. एकदाच विचार, आणि ते ज्या क्रमाने सांगतील त्या क्रमाने ऐकून घे. सांगितलं नाही तरी चालेल, मग तुला माहीत नाही हेच खरं उत्तर आणि तेच तू तिथे दे.

काकांनी विषय काढला तर बाबांचं वकीलपत्र घेऊ नकोस. ‘त्यांना किती त्रास झाला तुम्हाला माहीत नाही’ हे वाक्य तोंडातून गेलं की खटला उभा राहिला. दोन वाक्यं पाठ कर, आदरार्थी रूपात: ‘ते तुमचं आणि बाबांचं आहे. मी तुम्हाला भेटायला आलेय.’ त्यापुढे ऐकायचं. बाबांनी तुला हकिकत सांगितली असेल आणि काकांनी स्वतःहून विचारलं, तर घडलं तेवढंच सांग, एकदा, रंग न चढवता. तुझं तोडकं बोलणं इथे तुझ्या कामी येईल. लहान मुलाच्या भाषेत टोमणे मारता येत नाहीत.

आणि एक करू नकोस, हात जोडून सांगते. फोनवरून समेट घडवायला जाऊ नकोस. बाबांना व्हिडिओ कॉल लावायचा, आजीशी बोलणं झालं की फोन फिरवून काकांच्या तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचं, ‘घ्या, बोला’. भोवती दहा माणसं, सगळ्यांचं लक्ष त्या दोघांवर. हे मी एका घरात डोळ्यांनी पाहिलंय. दोघंही कसंबसं ‘बरं आहे ना’ म्हणाले, आणि त्यानंतर जे थोडंफार बोलणं चालू होतं तेही थांबलं. काकांनी स्वतः फोन मागितला तर दे आणि खोलीतून बाहेर पड.

बाबांना चल म्हणून आग्रह करू का, असं तू विचारलं नाहीस, पण पत्रभर ते जाणवतंय. करू नकोस. आजी ८८ वर्षांची आहे हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना छोटे प्रश्न विचार: तुम्ही कुठल्या खोलीत झोपायचात, शाळेत कुठल्या रस्त्याने जायचात, थोरल्या भावाला काय हाक मारायचात. निघायच्या आदल्या दिवशी एवढं विचार, की आजीला तुमच्याकडून काय सांगू. ‘काही नाही’ म्हणाले तर काही सांगायचं नाही. मनचा निरोप बनवून नेऊ नकोस, आयांना लगेच कळतं.

राहिली डॉक्टरांची गोष्ट. प्रवासी आरोग्य बघणारे डॉक्टर आप्तेष्टांना भेटायला जाणाऱ्यांचा एक वेगळाच वर्ग धरतात, कारण मलेरिया, टायफॉइडसारखे आजार सहलीला जाणाऱ्यांपेक्षा या लोकांना जास्त होतात. ‘आपल्याच घरी तर चाललोय’ म्हणून ते सल्ला घेत नाहीत, लस घेत नाहीत, जास्त दिवस राहतात आणि घरातलंच पाणी पितात. मलेरियाच्या भागात वाढलेल्या माणसाला जी थोडीफार प्रतिकारशक्ती येते तीही देश सोडल्यावर ओसरते, आणि मुलांना ती रक्तातून मिळत नाही. बाबांना काही झालं नव्हतं, हा तुझ्यासाठी किंवा मुलासाठी पुरावा नव्हे. निघण्याआधी चार ते सहा आठवडे डॉक्टरांना दाखव. त्या देशात पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला लागत असेल तर तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, हेही लक्षात असू दे. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो.

आणि कागदपत्रं. वडील तिकडचे असल्यामुळे तू जन्मानेच तिथली नागरिक ठरतेस का, हे त्यांच्या वकिलातीला विचार आणि उत्तर लेखी घे. काही देश आपल्या नागरिकाला आपल्याच पासपोर्टवर आत यायला लावतात. आणि दोन्हीकडचं नागरिकत्व असेल, तर तिथे अडचणीत सापडल्यावर इकडची वकिलात फारसं काही करू शकेल असं धरून चालू नकोस. नागरिकत्वाविषयीच्या १९३० च्या हेग कराराच्या चौथ्या कलमात हेच म्हटलंय. नवरा सोबत नाही, म्हणून मुलाला नेण्याचं त्याचं संमतिपत्र नोटरी करून घे, आणि तुझं आडनाव मुलाहून वेगळं असेल तर त्याचा जन्मदाखलाही जवळ ठेव. एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेण्याविरुद्ध १९८० चा वेगळा हेग करार आहे, त्यामुळे सीमेवरचे अधिकारी एकट्या आईला किंवा एकट्या बापाला हटकून विचारतात. तू प्रवासाने दमलेली आणि मुलगा कडेवर झोपलेला, अशा वेळी ते विचारतील.

पुष्कळ देशांना आत येताना पासपोर्टची मुदत सहा महिने तरी उरलेली लागते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालत असला तरी लहान मुलांचा बऱ्याच ठिकाणी पाचच वर्षं चालतो. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे. बाळ असताना काढला असशील तर तो संपलेला असेल. हे वाचून झालं की उठ आणि कपाटातून काढून तारीख बघ.

— तुझी ताई